पापणीचा र

परवा जुनी हार्ड डिस्क आवरायला घेतली होती. (घरातला माळा आवरायचा कंटाळा आला की मी हा माळा आवरते. इथे निदान शिंका येत नाहीत.) त्यात 'आमचे अण्णा' नावाचं एक फोल्डर सापडलं. आत एकच वर्डची फाईल, तारीख डिसेंबर २००६. उघडली, आणि पहिल्याच पानावर तो शब्द दिसला: 'आचार्यांना'. इतकी वर्षं झाली, तरी वाचताना कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

अण्णा म्हणजे माझे आजोबा, बाबांचे वडील. ते आचारी होते. आचार्य नव्हेत, आचारी. लग्नामुंजीत पाचशे-सातशे पानांचा स्वयंपाक करणारे. हे वाक्य आज मी किती सहज लिहून गेले! पण असं सरळ लिहायला मला बराच काळ लागला, आणि त्यातला थोडा दोष एका अक्षराचा आहे. बाकीचा माझा.

तर गोष्ट अशी.

आत्या कऱ्हाडला राहायची. (एसटीच्या पाटीवर 'कराड' असतं, पण आत्यासमोर तसं म्हणायची सोय नव्हती. "ह कुठे गेला? कोयनेत वाहून गेला?" असं विचारायची.) शाळेत मराठीच्या बाई म्हणून तिने तीसेक वर्षं काढली. १९९४ साली निवृत्त झाल्यावर शिकवण्या घेतल्या, भिशी चालवली, आणि मग कधीतरी, कुणाला न सांगता, एका दोनशेपानी वहीत अण्णांच्या आठवणी लिहायला लागली. २००६ च्या उन्हाळ्यात मी गेले होते तेव्हा रात्रीची जेवणं झाल्यावर तिने ती वही माझ्यापुढे ठेवली.

"तुझ्या त्या कंप्युटरवर हे नीट टाईप होईल का गं? डिसेंबरात अण्णांना शंभर वर्षं होतील. सगळे जमणारच आहेत. घराघरात एकेक प्रत द्यावी म्हणते."

"होईल की, त्यात काय!" मी म्हटलं. मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत होते, दिवसभर कीबोर्डच बडवत होते. दोनशे पानं म्हणजे माझ्या दृष्टीने किरकोळ काम.

वही मात्र किरकोळ नव्हती. आत्याचं अक्षर मराठीच्या बाईंचं असावं तसं, शिरोरेषा पट्टी ठेवून मारल्यासारखी. आणि मजकूर? चुलाण कुठल्या बाजूला खणायचं हे अण्णा वारा बघून कसं ठरवत, जिलबीचं पीठ उतरलंय की नाही हे वासावरून कसं सांगत, मसालेभाताला पाण्याचं माप न घेता आधण कसं ठेवत, हे सगळं तिने बारकाईने लिहिलं होतं. पावसाळ्यात लग्नं नसत तेव्हा घरात काय शिजायचं तेही लिहिलं होतं. बहुतेक दिवस काय शिजायचं नाही, तेही. अण्णा दुसऱ्यांच्या घरी बुंदी पाडून यायचे, आणि त्यांच्या सदऱ्याला येणाऱ्या तुपाच्या वासावर पोरं भाकरी खायची, असं एक वाक्य आहे त्यात. ते मी आजही सलग वाचू शकत नाही.

आणि हे एक, ज्याच्यावरून पुढचं सगळं घडलं:

'यजमान कितीही भला असला तरी रीत ठरलेली. सगळ्या पंगती उठल्या, वाढपी जेवले, की मग आचाऱ्यांना पानं मांडत. तोवर धुराने अण्णांची भूक मेलेली असे. ते ताकभात खाऊन उठत.'

आता २००६ साली घरच्या कंप्युटरवर मराठी टाईप करणं म्हणजे काय होतं ते ज्यांनी केलंय त्यांना आठवत असेल. विंडोज एक्सपीत आधी रीजनल सेटिंगमध्ये जाऊन एका चौकोनात खूण करायची, मग तो विंडोजची सीडी मागायचा, मग सीडी सापडायची नाही. ते झालं की वर्डमध्ये मंगल फॉंटात मराठी दिसायला लागायचं, आणि तेवढ्यानेच इतका आनंद व्हायचा की पुढच्या चुका पोटात घातल्या जायच्या. त्याआधीचे जुने फॉंट होते ना, त्यांत अक्षर म्हणजे नुसतं चित्र असायचं. रोमन अक्षराच्या जागी मराठी चित्र बसवलेलं. फॉंट मशीनवर असला तर मराठी, नसला तर नुसता रोमन कचरा. यूनिकोडने हा त्रास संपवला. पण जुन्या फॉंटात ज्या अक्षराला स्वतःची कळ होती, ते अक्षर यूनिकोडमध्ये कसं काढायचं हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

मी रोमनमधून मराठी उमटवणारं एक फुकटचं साधन वापरत होते. आर, वाय, ए दाबलं की 'र्य'. सूर्य, कार्य, धैर्य सगळं झकास. मग आलं 'वाऱ्याचा रोख बघून'. दाबलं, आणि उमटलं 'वार्याचा'. पुसून परत दाबलं. परत 'वार्याचा'. पुढे 'पायर्या', 'दुसर्या', 'चेहर्यावर'. लग्नाच्या आठवणी म्हटल्यावर वऱ्हाड पानोपानी, त्याचं झालं 'वर्हाड'.

र चे हे रूप मराठीत आहे, नेपाळीत आहे, पण हिंदीला त्याची गरज पडत नाही. इंग्रजीत टाईप आणि फॉंटवाले त्याला 'पापणीचा र' म्हणतात. खरंच दिसतो पापणीसारखा, य ला किंवा ह ला लागून एक आडवी वाकलेली रेघ. आत्या वर्गात सांगायची की र चे चार अवतार: अर्क मधला डोक्यावर बसलेला, चक्र मधला पोटात घुसलेला, राष्ट्र मधला पायाशी बसलेला आणि दऱ्या मधला हात धरून उभा असलेला. फरक ऐकायचा असेल तर 'दर्या' आणि 'दऱ्या' एकापाठोपाठ म्हणून बघा. दर्या म्हणजे समुद्र म्हणताना द वर जोर येतो, जीभ र वर क्षणभर टेकते. दऱ्या म्हणजे दरीचं अनेकवचन म्हणताना असा जोर येतच नाही, र निसटता येतो. म्हणून तर वृत्तात मात्रा मोजताना दर्या मधला द गुरू होतो आणि दऱ्या मधला लघूच राहतो. ही काही नुसती लिहिण्याची पद्धत नाही, आपण बोलतोच तसं.

दुसरा घोळ ॲ चा. अण्णांची भांडी आधी पितळेची, मग ॲल्युमिनियमची आली. माझ्या वर्डमध्ये अ काढून त्यावर चंद्र दिला की मधे एक ठिपक्याठिपक्यांचं वर्तुळ यायचं, जणू मी काहीतरी बेकायदेशीर मागितलंय. मग मी सगळे वापरत होते तेच केलं, 'ऍल्युमिनियम' लिहिलं. ए वर चंद्र. चालतंय की, असं म्हणून पुढे गेले.

आणि मग आलं ते वाक्य. 'की मग आचार्यांना पानं मांडत.'

मी थांबले होते. हे मला स्पष्ट आठवतंय. रात्रीचे अकरा-साडेअकरा, बाजूला वही, समोर पडदा. आचाऱ्यांना आणि आचार्यांना यातला फरक मराठीच्या बाईंच्या भाचीला न कळायला काय झालं? पण दुसऱ्या दिवशी ऑफिस होतं, आणि ते अक्षर येत नव्हतं. मी स्वतःला म्हटलं, संदर्भाने कळेल वाचणाऱ्याला. आणि पुढे टाईप करत राहिले.

एवढंच असतं तर मी हे लिहिलंही नसतं. पण खरं सांगायचं तर, ते वाक्य पडद्यावर तसं बघताना मला थोडं बरंही वाटलं होतं.

त्याचं कारण १९९९ साली आहे. माझं लग्न ठरत होतं तेव्हा बघण्याच्या कार्यक्रमात समोरच्या काकांनी विचारलं, "तुमचे वडील काय करत?" बाबा क्षणभर थांबून म्हणाले, "केटरिंगचा व्यवसाय होता त्यांचा." मी पोह्यांच्या बशा गोळा करत होते. केटरिंग! ज्यांच्याकडे स्वतःचा झारा आणि दोन कढया याच्यापलीकडे काही नव्हतं, त्यांचा व्यवसाय! बाबांकडे बघितलं तर ते खिडकीकडे बघत होते. मी काही बोलले नाही. पुढे मीही सासरी, ऑफिसात, विषय निघाला की केटरिंगच म्हणत आले. खोटं नाही, फक्त जरा इस्त्री केलेलं. त्याच इस्त्रीचा पुढचा हात म्हणजे तो र्य होता.

डिसेंबरात कऱ्हाडला सगळे जमले. साठ प्रती काढल्या होत्या, स्पायरल बाइंडिंग, वर अण्णांचा एकमेव फोटो. पुण्याहून थेट कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी घेऊन गेले, त्यामुळे आत्याने आधी बघायचा प्रश्नच नव्हता. संध्याकाळी गच्चीवर बसून एका भाच्याने मोठ्याने वाचायला सुरुवात केली. तो परदेशात वाढलेला, मराठी जोडाक्षरं लावत लावत वाचणारा. आणि जे लिहिलंय तेच वाचणारा. "सगळ्या पंगती उठल्या, वाढपी जेवले, की मग आचार्यांना पानं मांडत."

तो थांबला आणि म्हणाला, "वॉव. पणजोबा संस्कृत शिकवायचे का? आणि तरी सगळ्यांच्या शेवटी जेवायचे? किती हंबल!"

कुणीतरी हसलं. धाकटे काका म्हणाले, "अरे, चूक नाहीये ती. बल्लवाचार्य म्हणतातच की! भीमसुद्धा विराटाच्या घरी बल्लव होता." सगळ्यांना ते आवडलं. बल्लवाचार्य, बल्लवाचार्य, असं एकदोघांनी म्हटलंही.

आत्या तांदूळ निवडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "बल्लवाचार्य पेपरात म्हणतात. पैसे देताना आचारीच म्हणायचे."

मग बराच वेळ कुणी वाचलं नाही.

रात्री एकच्या सुमाराला पाणी प्यायला उठले तर स्वयंपाकघरात दिवा. आत्या ओट्याशी स्टुलावर बसली होती, डाव्या हाताला प्रतींचा गठ्ठा, उजव्या हाताला त्याहून छोटा गठ्ठा, हातात काळं बॉलपेन. प्रत्येक प्रत उघडायची, पान शोधायचं, य च्या डोक्यावरचा रफार बारीकशा रेघेने खोडायचा आणि मागच्या बाजूला, शिरोरेषेखाली, ती वाकलेली पापणी काढायची. मी शेजारी जाऊन बसले.

"किती आहेत गं?"

"एका प्रतीत एकोणीस वेळा आलाय आचाऱ्यांचा उल्लेख. वऱ्हाडाचं मी सोडून दिलं. पायऱ्यांचंही. पायऱ्या नाही कळल्या कुणाला तर नाही कळल्या. अण्णा कळले पाहिजेत." मग पान उलटत म्हणाली, "आणि ए वर चंद्र कुणी काढला? आपण एल्युमिनियम म्हणतो का?"

मी हसले, ती हसली नाही. थोड्या वेळाने तिने विचारलं, "तुला दिसलं नव्हतं?"

"दिसलं होतं. ते अक्षर येत नव्हतं गं त्यात."

"मला फोन करायचास. मी आधीच हाताने घातलं असतं. मोकळी जागा सोडायचीस नुसती."

मी दुसरं पेन घेतलं आणि आम्ही दोघी बसलो. एकोणीस गुणिले साठ, करा हिशोब. पहाटे दूधवाला आला तेव्हा शेवटची प्रत झाली. माझ्या पापण्या जाड आणि वाकड्या, तिच्या सगळ्या एकसारख्या. कुठली प्रत कुणाच्या हातची आहे ते आजही लांबून ओळखता येतं.

पुढे मी ते अक्षर शोधून काढलं. म्हणजे काय, पंधरा मिनिटं लागली. कुणाला उपयोग होईल म्हणून इथे लिहून ठेवते. यूनिकोडच्या तक्त्यात खाली टिंब दिलेला एक ऱ आहे. त्याच्या टिपेत लिहिलंय की हा द्राविडी भाषांतला एक उच्चार दाखवण्यासाठी, आणि त्याचं अर्धं रूप म्हणजे पापणीचा र. थोडक्यात, आपला र तिथे दुसऱ्याच्या घरात पोटभाडेकरू म्हणून राहतोय! त्याचा क्रमांक ०९३१. वर्डमध्ये इंग्रजी आकड्यांत ०९३१ टाईप करायचं आणि आल्ट धरून एक्स दाबायचं, की ऱ. मग पाय मोडायचा, मग य. झालं ऱ्य. इनस्क्रिप्ट कीबोर्ड वापरत असाल तर याचीही गरज नाही. र ज्या कळीवर आहे (इंग्रजी जे), तिथेच शिफ्ट धरला की ऱ येतो. ॲ चा क्रमांक ०९७२, तोही आल्ट-एक्सने येतो. पण २००६ साली मी कितीही शोधला असता तरी तो सापडला नसता, कारण यूनिकोडमध्ये तो आलाच मुळी २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. पुढे नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने ॲ आणि ऑ मराठी वर्णमालेत रीतसर घेतले. आत्याला फोन करून सांगितलं तेव्हा म्हणाली, "बरं झालं, ॲल्युमिनियमची भांडी कायदेशीर झाली."

म्हणजे ॲ च्या बाबतीत मी निर्दोष. ऱ च्या बाबतीत? तेव्हा मी स्वतःला सांगत आले की माहीत नव्हतं, काय करणार.

आत्या २०२१ मध्ये गेली. वही माझ्याकडे आहे, तिच्या हातची एक प्रतही आहे. आणि परवा ही फाईल सापडली. म्हटलं, आता नीट करू या. दुसरी आवृत्ती.

पहिला विचार अर्थातच सॉफ्टवेअरवालीचा. फाइंड अँड रिप्लेस! र्य च्या जागी सगळीकडे ऱ्य. रिप्लेस ऑल दाबलं, चुटकीसरशी काम झालं, आणि मी कौतुकाने वाचायला घेतलं. 'सूऱ्य मावळायच्या आत अण्णा मंगल काऱ्यालयात पोचत.' आश्चर्याचं आश्चऱ्य, धैर्याचं धैऱ्य. एके ठिकाणी आत्याने आपल्या आवडत्या लेखकांची नावं लिहिली आहेत, तिथे आचार्य अत्रे होते. तेही एका फटक्यात 'आचाऱ्य' होऊन आमच्या चुलाणापाशी आले! हसून हसून पुरेवाट झाली. मग कंट्रोल झेड.

पण त्यातून एक गोष्ट लक्षात आली. आचार्यांना हा शब्द चूक नाहीच. स्पेलचेक त्याच्याखाली लाल रेघ मारणार नाही, कारण तो शुद्ध मराठी शब्द आहे. चूक आहे ती फक्त आमच्या आजोबांच्या बाबतीत. यंत्राला हे कळायला ते कोण होते हे माहीत पाहिजे. गंमत म्हणजे 'आचारी' हा शब्द सुटा असतो तोवर काहीच अडचण नाही, तो कुठल्याही कंप्युटरवर येतो. त्याला काही द्यायचं, त्याच्याकडून काही घ्यायचं, त्याच्याविषयी काही बोलायचं म्हटलं की तो र अर्धा होतो. शेतकरी, कामकरी, चाकरी करणारे सगळे असेच. शेतकऱ्यांना, कामकऱ्यांचे, कर्मचाऱ्यांनी. मराठीतले किती कष्टकरी या एका रेघेवर उभे आहेत बघा.

तेव्हा एकेक जागा हाताने करायची असं ठरवलं. आधी कुठे कुठे ऱ बरोबर पडलाय का ते बघावं म्हणून फाईलमध्ये ऱ शोधला. शून्य सापडले. अपेक्षित होतं. मग सहज वरपासून चाळायला लागले, तर प्रस्तावनेत स्वच्छ दिसलं, 'वऱ्हाड'. नीट, पापणीसकट! पुढच्या ओळीत 'दुसऱ्या'. त्याच्या पुढे 'आचाऱ्यांची परंपरा'.

प्रस्तावना धाकट्या काकांच्या मुलाने लिहून ईमेलने पाठवली होती, मी ती नुसती आणून चिकटवली होती. पण मग शोधताना शून्य का? डोळ्यांना दिसतंय आणि कंप्युटर म्हणतो नाही. 'वऱ्हाड' च्या ह पुढे कर्सर ठेवून एकेक बॅकस्पेस दाबत गेले. ह गेला. पापणी एकटी उरली. पुन्हा दाबलं, तर पापणी नाहीशी झाली आणि तिथे पाय मोडलेला साधा र दिसायला लागला. म्हणजे मधलं काहीतरी न दिसणारं पुसलं गेलं होतं. ते म्हणजे झीरो विड्थ जॉइनर, नावाप्रमाणेच शून्य रुंदीचं जोडणारं चिन्ह. साधा र, पाय मोडायचा, आणि मग हे अदृश्य चिन्ह दिलं की पापणी होते. १९९६ च्या यूनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीपासूनची ही रीत, आजही चालते. दिसायला दोन्ही सारखे, पण आत दोन वेगळी स्पेलिंगं. म्हणून एक शोधलं तर दुसरं सापडत नाही. (तुमच्या जुन्या फायलींत एखादा शब्द डोळ्यांसमोर असून शोधात येत नसेल तर हेही कारण असू शकतं. दोन्ही तऱ्हांनी शोधून बघा.)

हे सगळं मोठ्या हुशारीने उलगडलं आणि मग खुर्चीत मागे टेकून बसले. कारण त्याचा अर्थ आत्ता लक्षात आला. २००६ साली, त्याच फाईलमध्ये, माझ्या टायपिंगच्या दोन पानं आधी ते अक्षर होतं. मी ते स्वतःच्या हाताने चिकटवलं होतं. तिथून उचलून एकोणीस जागी ठेवता आलं असतं. फार तर पाच मिनिटांचं काम.

'ते अक्षर येत नव्हतं' ही माझी सबब होती. ती गेली.

आणि आत्याने प्रस्तावना वाचली नसेल? तिच्या नजरेतून ए वरचा चंद्र सुटला नाही. साठ प्रतींतल्या एकाही प्रस्तावनेला तिने त्या रात्री पेन लावलं नव्हतं, कारण तिथे लावायची गरज नव्हती. म्हणजे तिला दिसलं होतं. अक्षर येतंय हे तिला माझ्याआधी कळलं होतं. तरी तिने मला एवढंच विचारलं, "तुला दिसलं नव्हतं?" आणि माझं उत्तर ऐकून मोकळ्या जागेचा उपाय सांगितला.

गेले चार दिवस मी रोज रात्री थोडं थोडं करतेय. बाजूला आत्याची प्रत ठेवते. तिची पापणी दिसली की ०९३१, आल्ट एक्स, पाय मोडला, य. घाईने करता येतं, पण मी करत नाहीये. या वेळी पायऱ्याही नीट करतेय, वऱ्हाडही.

काल बाबांना फोन केला होता. बाबा आता चौऱ्याऐंशीचे आहेत. (पाहा, इथेही तो आहेच.) त्यांना म्हटलं, एक परिच्छेद वाचून दाखवते, आणि ते पंगतीचं वाचलं. आचाऱ्यांना, असं अगदी नीट म्हटलं. पलीकडे बराच वेळ काहीच आवाज आला नाही. मला वाटलं फोन कट झाला.

मग म्हणाले, "मीही असायचो त्या पंगतीला. अण्णांबरोबर. लाकडं आणून द्यायला जायचो ना मी. सात-आठ वर्षांचा असेन. झोप यायची फार. अण्णा मला हलवून उठवायचे आणि स्वतःच्या पानातली जिलबी माझ्या पानात टाकायचे. ताईला माहीत नव्हतं ते, ती घरी असायची."

हे वहीत नाही. बाबांनी कधी सांगितलंच नव्हतं, मला नाही, आईलाही नाही. मी विचारलं, "घालू का यात?"

"घाल," म्हणाले. "आणि ते केटरिंग वगैरे कुठे लिहिलं असशील तर काढून टाक."

तसं कुठे लिहिलेलं नव्हतं. पण मी "हो बाबा" म्हटलं.

असो. एकोणीसपैकी पंधरा झाले. उरलेले चार आज रात्री, आणि मग बाबांची जिलबी.